सात क्लायंट गेले, सातही जणांना फोन लावला

खतावणी | रविवार, ११ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आज ११ तारीख, जीएसटीआर-१ चा, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. शेवटचं रिटर्न साडेसातला गेलं, हाताखालची मुलं घरी गेली आणि मी ऑफिसातच बसून हे लिहितेय. दादर पश्चिमेला छोटासा गाळा आहे माझा. सीए होऊन सोळा वर्षं झाली. आधी सरांच्या हाताखाली होते, २०१७ पासून स्वतंत्र. म्हणजे जीएसटी आणि माझी पाटी एकाच वर्षी लागली. दोन आर्टिकल (सीएचं शिक्षण घेता घेता काम शिकणारी मुलं), हिशेब लिहिणाऱ्या एक ताई आणि मी, एवढाच कारभार.

गेल्या मार्चमध्ये ९१ क्लायंट होते. डिसेंबरअखेर यादी काढली तर त्यातले ८४ उरलेत. नवे काही आले, ते वेगळे. पण जुने सात गेले आणि त्यातले तीन तर सरांच्या काळापासूनचे. नवरा म्हणाला, एवढं चालायचंच. मला मात्र झोप लागेना. शेवटी गेल्या आठवड्यात सातही जणांना फोन लावला. पहिलं वाक्य ठरवून ठेवलं होतं: "काम परत मागायला फोन केलेला नाही. कशामुळे गेलात तेवढं सांगा, मला शिकायचंय."

दोघांचं सांगण्यासारखं काही नाही. एका छापखान्याच्या मालकांचा मुलगा आता धंदा बघतो, त्याचा मित्र सीए आहे. मुलुंडच्या एका सोसायटीची कमिटी बदलली. एकाने फोन उचलला नाही, संध्याकाळी मेसेज आला, "ताई, काही राग नाही." एकाने स्वच्छ सांगितलं की ऑनलाइन कुणीतरी निम्म्या पैशात रिटर्न भरून देतं.

उरलेले तिघे मात्र डोक्यातून जात नाहीत.

पहिल्या एक दंतवैद्य, पार्ल्याच्या. त्यांचं विवरण आयकराच्या ४४एडीए कलमात (डॉक्टर, वकील अशांसाठीची सोपी पद्धत) जातं, म्हणजे जमा रकमेचा निम्मा भाग नफा धरायचा. अशांना आगाऊ कराचे चार हप्ते नसतात, एकदाच, १५ मार्चपर्यंत सगळा भरायचा. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा हिशेब कधी चुकला नाही. पण चार वर्षं मला तो आकडा १४ मार्चला रात्री कळतोय. दीड लाख रुपये एका रात्रीत उभे करायचे म्हणजे एफडी मोडायची." मी गप्प झाले. पक्का आकडा हातात येईपर्यंत सांगायचं नाही, ही माझी सवय. आणि त्यांना पक्का आकडा नकोच होता. जानेवारीत "सव्वा ते दीड लाख धरून चला" एवढं कुणी म्हणालं असतं तर पुरे होतं.

दुसरे मस्जिद बंदरचे हार्डवेअरवाले शेठ. "तुमच्याकडे फोन केला की दरवेळी नवा पोरगा. माझं गोडाऊन कुठे, माझा धंदा काय, पहिल्यापासून सांगायचं. तुम्ही स्वतः शेवटचं कधी बोललात माझ्याशी?" आठवून पाहिलं. ऑडिटच्या सहीला. त्याच्या आधीचं आठवेना.

तिसऱ्यांचं सगळ्यात लागलं. भांडुपला फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. थ्रीबी (कर भरायचं रिटर्न) आणि टूबी (पुरवठादारांच्या बिलांची पोर्टलवरची यादी, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट त्यावरून मिळतं) यांत फरक आला म्हणून त्यांना जीएसटीची एएसएमटी-१०, म्हणजे फरकाचं कारण विचारणारी नोटीस निघाली. उत्तराला तीस दिवस असतात. पोर्टलवर जो ईमेल दिला होता तो आमच्याकडच्या एका आर्टिकलचा, आणि तो मुलगा केव्हाच सोडून गेलेला. नोटीस कुणी पाहिलीच नाही. कारखानदारांना थेट अधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. उत्तर दिलं, फरकाचं कारण पटलं, एक रुपयाचाही कर लागला नाही. तरी ते गेले. म्हणाले, "ताई, पैशाचं काही नाही. पण माझ्या धंद्याची गोष्ट मला साहेबांकडून कळली, तुमच्याकडून नाही."

चूक माझी होती. तसं त्यांना सांगितलंही.

इथे लहान प्रॅक्टिस चालवणारे आहेत, हिशेब लिहिणारे आहेत, दुकानदारही आहेत. तुमच्याकडे माणसं का टिकतात, का जातात? मनमोकळं लिहा.

---

वहीपूजन | रविवार, रात्री १०:१५

फोन लावायला धीर लागतो. मी तीन वर्षांपूर्वी असाच एक फोन करायचा ठरवून केला नाही, त्याची आठवण झाली. वाचतेय.

---

नवा_सीए | रविवार, रात्री ११:०५

ताई, मी ठाण्याला. २०२१ ला पास झालो, तीन वर्षांपासून स्वतःचं काम. माझा अनुभव फीबद्दलचा आहे.

सुरुवातीला वाटायचं, लोक फीसाठीच जातात. एका क्लायंटने ऑनलाइनवाल्यांचा दर दाखवला, मी तेवढा कमी केला. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. वर्षभरात माझ्याकडे काम तितकंच आणि पैसे कमी. त्यामुळे मदतनीस ठेवता येईना, त्यामुळे रिटर्नं शेवटच्या दिवशी, पोर्टल मंद झालं की दुसऱ्या दिवशी. थ्रीबीला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. दोनदा ते मी माझ्या खिशातून भरलं. आणि ज्या तिघांसाठी दर उतरवला त्यातले दोघे तरीही गेलेच.

आता माझं मत उलट आहे. स्वस्तासाठी आलेला स्वस्तासाठी जातो. पण मग टिकवायचं कशाने, हे मला अजून उमगलेलं नाही. आपल्यावर जाहिरातीची बंधनं, पत्रकं वाटता येत नाहीत. नवीन माणूस येणार तो जुन्याच्या शब्दावर. म्हणजे जुना गेला की त्याच्यामागे येऊ शकले असते ते चारही गेले.

---

जुनी_पेढी | सोमवार, सकाळी ६:५०

खतावणीताई, तुमची पोस्ट पहाटे वाचली. मी आता ७१ चा आहे. १९८२ ते २०२२ गिरगावात प्रॅक्टिस केली. सावकाश लिहितो, दोन गोष्टी आहेत.

पहिली. आमच्या वेळी आमचं काम पक्षकाराला दिसायचं. विक्रीकराच्या सुनावणीला माझगावच्या विक्रीकर भवनात त्याला बरोबर न्यायचो. आयकराचं असेल तर महर्षी कर्वे रोडवर आयकर भवनात. बाकावर दोन दोन तास शेजारी बसायचो. त्याचा डबा मी खाल्लाय, माझा त्याने खाल्लाय. आत साहेबांसमोर मी त्याच्या बाजूने बोललो ते त्याने कानांनी ऐकलेलं असायचं. बाहेर आल्यावर फी किती म्हणून त्याने कधी घासाघीस केली नाही, कारण त्याने मला काम करताना पाहिलं होतं.

२०१९-२० पासून आयकराची छाननी चेहराविरहित झाली. चांगलंच झालं, हेलपाटे वाचले, इतरही बऱ्याच गोष्टी थांबल्या. पण आपलं काम अदृश्य झालं. रात्री जागून तुम्ही वीस पानी उत्तर अपलोड करता, पक्षकाराला दिसतं फक्त तुमचं बिल. त्याला वाटतं, हा माणूस वर्षातून एकदा बटण दाबतो. बटण दाबणारा स्वस्तात मिळत असेल तर तो का जाणार नाही? त्यात त्याचा दोष मला दिसत नाही.

मग शेवटची दोन वर्षं मी एक करायचो. उत्तर अपलोड केलं की त्याची प्रत छापून पक्षकाराच्या दुकानी न्यायचो. समोर बसून मराठीत सांगायचो, त्यांनी काय विचारलं, आपण काय लिहिलं, पुढे काय होईल. नोटीस इंग्रजीत येते. घरात कुणाला दाखवायची सोय नसते, माणूस आतून हबकलेला असतो. त्याला त्याच्या भाषेत चार वाक्यं सांगितली की त्याचा जीव भांड्यात पडतो. हे ईमेलने होत नाही.

दुसरी गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही पेढ्यांवर जायचो. नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, पूजा झाली, की मालक पहिलं पान उघडून दाखवायचा. आता वही टॅलीत गेली, पूजा लॅपटॉपची होते, तरी जायला हवं. त्या संध्याकाळी माणूस हिशेबाचं बोलत नाही, धंद्याचं बोलतो. मुलीचं लग्न, शेजारचा गाळा घ्यायचाय, भावाशी पटत नाही. पुढच्या वर्षी त्याला कुठला सल्ला लागणार ते सगळं तिथे कळतं. मस्जिद बंदरच्या शेठना हेच म्हणायचं होतं, असं मला वाटतं.

---

लालबागकर | सोमवार, दुपारी २:३०

दुकानात गर्दी कमी आहे म्हणून लिहितो. मी तुमच्या पलीकडच्या बाजूचा. लालबागला मसाले, फरसाण, तूप, असं किराणा-जिन्नसाचं दुकान आहे, वडिलांपासून. हिशेबवाला दोनदा बदलला. दोन्ही वेळचं सांगतो.

पहिले आमचे वडिलांच्या ओळखीचे होते. माणूस वाईट नव्हता. पण जीएसटीचा नंबर काढला तेव्हा पोर्टलवर मोबाइल त्यांचा, ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा. मला बँकेत कर्जासाठी रिटर्नच्या प्रती हव्या होत्या. मागितल्या की "पाठवतो". पासवर्ड मागितला की "तुम्हाला काय करायचाय, मी आहे ना". पाच महिने गेले. शेवटी आमच्या विभागाच्या अधिकाऱ्यांकडे मालकीचे कागद घेऊन गेलो, अर्ज दिला, त्यांनी मोबाइल-ईमेल बदलून दिला. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्याच दुकानाचं खातं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आत सगळं नीट होतं! एक रिटर्न चुकलेलं नव्हतं. मग कोंडून का ठेवलं होतं? मी जाऊ नये म्हणून. आणि मी गेलो तो नेमका त्यामुळेच.

आता ज्यांच्याकडे आहे त्यांचं ऐका. गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले. घटस्थापनेचा दिवस, सणाचा सीझन. पॅकबंद फरसाण १२ वरून ५ टक्के, तूप १२ वरून ५. घोषणा महिन्याच्या सुरुवातीला झाली, पेपरात आली, पण माझ्या दुकानात काय करायचं ते पेपरात नसतं. १२ तारखेच्या आसपास मॅडमचा फोन आला. माझ्या दुकानातल्या मालाची यादी त्यांच्याकडे होती, त्यावर नवे दर लिहून पाठवले. म्हणाल्या, २१ च्या रात्री दुकान बंद केल्यावर बिलिंगच्या मशीनमध्ये दर बदला, २२ ला सकाळी पहिलं बिल मला फोटो काढून पाठवा. जुना माल जुन्या दराने आणलाय त्याचं क्रेडिट कसं, छापील किमतीचं काय, सगळं समजावलं. माझ्या गल्लीतले तिघे दुकानदार घटस्थापनेच्या दिवशी दुपारपर्यंत गिऱ्हाइकाशी वाद घालत होते. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, तुझं कोण बघतं म्हणून. त्यातले दोघे आता मॅडमकडेच आहेत.

मॅडम वर्षाला किती घेतात ते मला चटकन सांगताही येणार नाही. पण तो फोन कोणत्या वेळी आला होता ते आठवतं. सकाळचे अकरा, मी वजनकाट्यावर जिरं मोजत होतो.

---

खतावणी | सोमवार, संध्याकाळी ७:१०

लालबागकर दादा, तुमचं वाचून तडक पोर्टलची यादी काढायला बसले. ८४ पैकी ३७ जणांचा मोबाइल किंवा ईमेल आमचा आहे. त्यात माझा स्वतःचा नंबर एकवीस ठिकाणी. कोंडून ठेवायचा हेतू नव्हता. २०१७ साली घाईत नोंदणी होत होत्या, ओटीपीसाठी दुकानदाराला दर वेळी फोन करायचा कंटाळा म्हणून आपला नंबर टाकला. पण बाहेरून बघणाऱ्याला ते कोंडल्यासारखंच दिसणार. भांडुपचं प्रकरण त्यातूनच झालं.

उद्यापासून बदलतेय. अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल-ईमेल बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, नव्या नंबरवर ओटीपी आला की होतं. ईमेल क्लायंटचा ठेवायचा आणि त्याच्याकडून आमच्या ऑफिसच्या एका सामायिक पत्त्यावर आपोआप पुढे येईल अशी सोय करायची, असं ठरवलंय. कुणी केलंय का असं?

---

सातबावन्नची_लोकल | सोमवार, रात्री १०:२०

मी केलंय, चालतं. फक्त मेलवर विसंबू नका. जीएसटीच्या काही नोटिसा पोर्टलवर वेगळ्या कप्प्यात पडून राहतात, "अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स" म्हणून. दर सोमवारी प्रत्येक खातं उघडून तिथे बघायचं. माझ्या वहीत त्याचा वेगळा रकाना आहे, तारीख आणि सही.

मी सीए नाही. बीकॉम, डोंबिवलीहून रोज येते, अंधेरीच्या सहा कारखान्यांचे हिशेब लिहिते. त्यांचे सीए वेगवेगळे. तेरा वर्षांत एकही कारखाना सुटला नाही म्हणून थोडं लिहायचा हक्क घेते.

महिन्यातला माझा सगळ्यात महत्त्वाचा दिवस २० तारीख नाही, १४ आहे. १४ ला टूबी तयार होते. २०२२ पासून जे बिल टूबीत दिसतं त्याचंच क्रेडिट मिळतं. मी त्याच दिवशी खरेदीची वही आणि टूबी समोरासमोर लावते. ज्या पुरवठादाराचं बिल दिसत नाही त्याचं नाव आणि जीएसटीची रक्कम मालकाला संध्याकाळच्या आत कळवते. कारण मालक साधारण १५ नंतर पैसे सोडतात. पैसे द्यायच्या आधी कळलं तर तो पुरवठादाराला म्हणू शकतो, आधी रिटर्न भर, मग चेक. पैसे गेल्यावर कळलं तर मागे लागत बसायचं. माहिती तीच, सहा दिवस आधी दिली तर तिला किंमत आहे. एका मालकांनी सांगितलं, या एका कामात माझा वर्षाचा पगार निघतो.

फेब्रुवारीतही असंच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत (लेखी करार नसेल तर १५) दिली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. २०२३-२४ पासूनचा नियम. हे ऑगस्टमध्ये ऑडिटला सांगून काय उपयोग? ३१ मार्च उलटून गेलेला. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उधारीची यादी काढते, कुणाकडे उद्यमचा (लघुउद्योग नोंदणीचा) दाखला आहे ते मागवून ठेवलेलं असतं, आणि मालकाच्या टेबलावर ठेवते. मग पैसे असतील तसे आधी कुणाचे द्यायचे ते तो ठरवतो.

---

नवा_सीए | मंगळवार, सकाळी ९:००

ताई, हे १४ तारखेचं मी आजवर १८-१९ ला करत होतो. उद्याच १४ आहे, उद्यापासून सुरू करतो.

एक अवघड प्रश्न. सगळे टिकवायचे का? माझ्याकडे एक आहे, पैसे वेळेवर देतो, दोन मोठी कामं त्याच्या ओळखीने आली. पण दर मार्चमध्ये त्याला "थोडी खरेदीची बिलं" हवी असतात. माल नाही, नुसतं बिल. मी नाही म्हणतो, तो म्हणतो, आधीचा करून द्यायचा. यंदा म्हणालाय, जमत नसेल तर दुसरीकडे बघतो. त्याच्याबरोबर ती दोन कामंही जातील.

---

जुनी_पेढी | मंगळवार, सकाळी ९:४५

जाऊ द्या. आजच त्याला लेखी कळवा, ते दोघे गेले तरी चालेल. तुमची सही ३० वर्षं चालायची आहे. तुमच्या प्रत्येक दाखल्यावर आता यूडीआयएन (त्या दाखल्याचा स्वतंत्र क्रमांक) असतो, बँकेतला कारकूनही तो तपासू शकतो. आणि खोट्या बिलांच्या साखळीत एक दुवा पकडला की मागचे पुढचे सगळे निघतात. अशा वेळी तो तुमचं नाव घ्यायला क्षणभर थांबणार नाही.

माझ्या उमेदीत असाच एक गेला होता, तेव्हा घरभाड्याची ओढाताण होती. पत्नीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, आज जेवायला वेळेवर आलात. तो विषय तिथेच संपला.

---

पार्लेकर_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:५०

तुम्ही लिहिलेल्या दंतवैद्य मी नाही, पण पेशाने डॉक्टरच आहे आणि तो १४ मार्चचा प्रकार माझ्याकडेही झालाय. एक सांगू का? तुम्ही मंडळी आम्हाला आकडा देता, आम्हाला त्याबरोबर "का" हवं असतं. मागच्या वर्षी नवं क्लिनिक घेतलं, कर्ज काढलं, तरी कर वाढला. मला वाटलं चूक झाली. विचारायला संकोच वाटला. मैत्रिणीला विचारलं, तिने तिच्या सीएला विचारलं, त्याने दोन मिनिटांत सांगितलं: ४४एडीएमध्ये व्याज, भाडं, काहीच वेगळं वजा मिळत नाही, नफा निम्माच धरतात. आता मी त्याच्याकडे आहे. आधीच्यांचं काम चुकलेलं नव्हतं. मला कुणी समजावलं नव्हतं, एवढंच.

रुग्णाला औषध देताना ते कशाचं हे आम्ही सांगत नाही, ही आमच्याबद्दलची तक्रार. तेव्हा मला तुमची अडचण कळते. पण दोन मिनिटं काढाच.

---

वहीपूजन | मंगळवार, रात्री ९:१५

मी अजून विचारात आहे की गेलेल्या माणसाशी वागायचं कसं. तीन वर्षांपूर्वी एक कंपनी गेली, नव्या सीएंचं पत्र आलं. राग आला होता. महिनाभर उत्तर दिलं नाही.

---

जुनी_पेढी | मंगळवार, रात्री ९:५०

ते पत्र नव्या सीएने पाठवायलाच लागतं. आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय काम घेणं हा १९४९ च्या आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार गैरवर्तनात धरतात. ते त्याचं कर्तव्य, तुमच्यावर हल्ला नव्हे. ऑडिटची फी थकली असेल तर तसं लिहा, कामात काही गैर दिसलं असेल तर लिहा, नसेल तर त्याच दिवशी "हरकत नाही" कळवा. आणि टॅलीचा बॅकअप, जुनी विवरणं, ऑडिट रिपोर्ट, सगळं न मागता एका पेन ड्राइव्हवर द्या.

माझ्याकडून १९९४ साली एक कापडवाले गेले होते, मुळजी जेठा मार्केटचे. कागदाचं गाठोडं मीच टॅक्सीत घालून दिलं. सहा वर्षांनी त्यांचा धाकटा भाऊ वेगळा झाला. तो माझ्याकडे आला. म्हणाला, तुम्ही गाठोडं बांधून दिलं होतं ते मी उचललं होतं.

---

सातबावन्नची_लोकल | बुधवार, सकाळी ८:१०

गाडीतून लिहितेय, चौथी सीट मिळालीय. खतावणीताई, नवा आयकर कायदा विसरू नका. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा येतोय. आमच्या सहापैकी चार मालकांनी आत्ताच विचारलंय, आमचा कर वाढणार का? मोबाइलवर काहीबाही फिरतंय. कायदा बदलला की माणूस घाबरतो आणि घाबरला की दुसऱ्याला विचारतो.

---

जुनी_पेढी | बुधवार, सकाळी ८:४०

अगदी बरोबर. २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला तेव्हा, आणि २०१७ ला पुन्हा, माझ्याकडे सगळ्यात जास्त माणसं आली आणि सगळ्यात जास्त गेली. एरवी कुणी हलत नाही.

---

खतावणी | सोमवार, २६ जानेवारी, सकाळी ११:३०

झेंडावंदन करून ऑफिसला आले, आज फोन नाहीत म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यांचे मनापासून आभार.

३७ पैकी २९ जणांचे मोबाइल-ईमेल बदलून झाले. काही जणांना शंका आली, "ताई, तुम्ही काम सोडताय का?" त्यांना समजावताना पहिल्यांदा सगळ्यांशी स्वतः बोलणं झालं. परळच्या एका गॅरेजवाल्यांच्या पत्नी आता हिशेब बघतात हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं. त्यांना टॅली शिकायची आहे, आमच्या ताई शनिवारी शिकवायला जाणार आहेत.

प्रत्येक आर्टिकलच्या हाती आता क्लायंटची एक पानी ओळख आहे. धंदा काय, गोडाऊन कुठे, फोन कुणाला करायचा, दुपारी करायचा की संध्याकाळी. आर्टिकलशिप आता दोनच वर्षांची झालीय, मुलं बदलणारच. पण गोडाऊनचा पत्ता शेठनी पुन्हा सांगायला लागू नये.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट असे एकोणीस जण ४४एडीएमध्ये आहेत. डिसेंबरपर्यंतच्या जमेवरून सगळ्यांचा मार्चचा अंदाज काढला, शनिवारी पाठवला. आकडा, त्याच्याखाली तीन ओळींत का. पार्लेकर डॉक्टर, ते "का" तुमच्यामुळे. पाच जणांनी उलट फोन करून सांगितलं की फेब्रुवारीत मोठं बिल येणार आहे, ते धरलेलं नाही. आजवर हे मला १४ मार्चला कळायचं.

ज्या गेल्या त्या डॉक्टरांना अंदाज पाठवला नाही, त्या आता दुसऱ्यांच्या क्लायंट आहेत. त्यांची चार वर्षांची विवरणं आणि चलनं मात्र पेन ड्राइव्हवर घालून परवा क्लिनिकवर नेऊन दिली. आत रुग्ण होता, रिसेप्शनला ठेवून आले.

नव्या कायद्याबद्दल क्लायंटना एक पानी पत्र मराठीत लिहिलंय. मुख्य मुद्दा हा की चालू वर्षाचं, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचं विवरण जुन्याच कायद्याने जाणार, घाबरू नका. लालबागकर दादा, मसुदा तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. दुकानदार म्हणून वाचा आणि जिथे अडखळाल तिथे खूण करा.

---

लालबागकर | सोमवार, २६ जानेवारी, दुपारी ४:०५

ताई, दोनदा वाचलं. एकदा मी आणि एकदा मिसेसने मोठ्याने. दोन ठिकाणी अडलो. "कर वर्ष" म्हणजे काय ते कळेना, तिथे सरळ "एप्रिल ते मार्च" लिहा. आणि शेवटी तुम्ही "काही शंका असल्यास संपर्क साधावा" असं लिहिलंय, तिथे तुमचा नंबर आणि कुठल्या वेळेत फोन केलेला चालेल ते टाका. दुकानदाराला साडेदहाच्या आधी किंवा तीन ते पाचमध्येच सवड असते.